कमरेत स्क्रू बसवल्यानंतरची फिजिओ: दोन ठिकाणं बघितली, दोन्हीचं सांगतो

मॅडम पहिल्यांदा घरी आल्या आणि कंबर बघायच्या आधी म्हणल्या, "काका, तुमचा संडास दाखवा." बायको माझ्याकडं बघायली अन् मी बायकोकडं. म्हणलं ह्या फिजिओला आल्यात का नगरपरिषदेतून.

पण ते नंतर सांगतो, आधी थोडं मागचं. औशाकडं माझं खत-बियाण्याचं दुकान आहे, बावीस वर्षं गोण्या उचलल्या, युरियाची गोणी आता 45 किलोची झाली पण डीएपीची अजून 50 चीच आहे आणि हमाल आला नाही की मालकच हमाल. त्यात 2016 ला पाण्याचे ते हाल, लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणलं तवाचं, आम्ही टँकरवरून कॅन भरभरून वाहिले, कंबर तवापासूनच कुरकुरायला लागली. मागची दोन वर्षं तर डाव्या ढुंगणापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत नुसती कळ, अन् चालताना चप्पल पायातून कधी निसटली ते कळायचंच नाही, मागून कुणीतरी आणून द्यायचं. एमआरआयमध्ये चौथा मणका पाचव्यावरून पुढं सरकलेला निघाला. ऑगस्टमध्ये लातूरला ऑपरेशन झालं, चार स्क्रू, दोन सळया आणि चकती काढून तिथं केज, म्हणजे छोट्या पिंजऱ्यासारखा ठोकळा. डॉक्टर म्हणले स्क्रू-सळया फक्त धरून ठेवायला आहेत, खरं काम हाडाचं, ते जुळून यायला सहा महिने ते वर्ष जाईल, तवर वाकायचं नाही, वजन उचलायचं नाही, कंबर पिळायची नाही. पायातली कळ दुसऱ्या दिवशीच गेली, खोटं कशाला बोलू. पण पुढं काय करायचं ते कागदावर एका ओळीत होतं, "फिजिओथेरपी करणे".

तर पहिलं ठिकाण. नाव लिहीत नाही. नातेवाईकाच्या ओळखीचं सेंटर, तिसऱ्या आठवड्यात गेलो, दहा सिटिंगचं पॅकेज 4000, पैसे आधी. घरापासून कारनं अर्धा तास, खड्डे तुम्हाला माहितीच आहेत, पोचेपर्यंत घाम फुटायचा. तिथं गेलं की पालथं झोपा, गरम पिशवी, मग ते आयएफटी का काय, हलका करंट देणारं मशीन, त्याचे रबर चिकटवायचे, मुंग्या आल्यासारखं होतंय, पंधरा मिनिटं, झालं. लावणारा पोरगा मोबाईलवर. त्या मशीननं बरं वाटायचं हे खरंय, पण ते बरं वाटणं घरी येईपर्यंत रस्त्यातच सांडायचं. व्यायाम विचारला की "हळूहळू सांगू काका".

दोन गोष्टी मात्र डोक्यात गेल्या. टाक्याच्या आसपासची कातडी बधीर असते, गरम लागलेलं कळतच नाही, तिसऱ्या दिवशी रात्री बायकोनं बघितलं तर तळहाताएवढा लालभडक चट्टा. आणि चवथ्या दिवशी पोरानं दुसरंच मोठं मशीन ओढत आणलं, शॉर्टवेव्ह डायथर्मी, आत खोलवर शेक देणारं. मी सहज म्हणलं, अरे आत चार स्क्रू आहेत, चालतंय ना? तर तो थांबला, "व्हय का? मग राहू द्या." अंगात धातू असल्यावर ते मशीन तिथं लावतच नसतात, धातू आतून तापतो. फाईल माझ्या उशाला पडलेली होती, कुणी उघडून बघितली नव्हती. सहा सिटिंगचे पैसे बुडाले, गेलो नाही परत. (मागितले होते. "पॅकेज परत होत नाही".)

मग ह्या घरी येणाऱ्या मॅडम. एका व्हिजिटचे 400, आधी आठवड्यातून तीनदा, मग दोनदा, आता पंधरा दिवसातून एकदा. तर संडास. आमचा जुना, खाली बसायचा. त्यांनी सांगितलं त्यावर ठेवायची लोखंडी कमोड खुर्ची आणा, 1400 ला मिळाली. बादली स्टुलावर ठेवायची, म्हणजे मगसाठी वाकायला नको. मग झोपायची जागा बघितली. मी बाजेवर झोपायचो, सुंभाची, मधी झोळी झालेली. ती बाज त्याच दिवशी अंगणात गेली. लाकडी पलंग, पातळ गादी, अन् उठायचं कसं ते अर्धा तास शिकवलं, गुडघे दुमडायचे, खांदा आणि कंबर एकदम ओंडक्यासारखी कुशीवर, पाय खाली सोडायचे आणि कोपरावर भार देऊन वर. त्याआधी मी तीन आठवडे सरळ उठायचा प्रयत्न करून रोज सकाळी बोंबलत होतो आणि सगळ्यांना वाटायचं ऑपरेशन बिघडलं.

दुसरी गोष्ट पाईपची. ही सहा आठवड्यांच्या एक्स-रे नंतर, डॉक्टरांना विचारून. दुकानातला अर्धा इंची पीव्हीसी पाईप, चार फूट. तो पाठीवर उभा धरायचा, डोक्याला, दोन खांद्यांच्या मधी आणि खाली माकडहाडाला असा तीन ठिकाणी लागला पाहिजे, मग गुडघे थोडे सैल सोडून ढुंगण मागं न्यायचं आणि पुढं झुकायचं, तिन्हीपैकी एक जरी जागा सुटली तर पुन्हा पहिल्यापासून. वाकायचं ते खुब्यातून, कमरेतून नाही. ऐकायला सोपं वाटतंय पण आठ दिवस गेले माझे, पहिल्या दिवशी तर खालचं टोक लगेच सुटायचं. आता तोंड धुताना बेसिनवर आपोआप तसंच होतं.

बाकी व्यायाम बघून तुम्ही म्हणाल ह्याचे 400 रुपये? सुरुवातीला पायाचे पंजे वरखाली, श्वास सोडत पोट आत घेऊन धरायचं, आणि चालणं. पाच-पाच मिनिटं दिवसातून पाच वेळा, मग दहा, आता सकाळी मारुतीच्या देवळापर्यंत जाऊन येऊन चाळीस मिनिटं. झोपून कंबर उचलायचं दुसऱ्या महिन्यानंतर, हाता-गुडघ्यावर येऊन एका बाजूचा हात अन् दुसऱ्या बाजूचा पाय लांब करायचं तिसऱ्या महिन्याच्या एक्स-रे नंतर. बेल्ट डॉक्टरांनी सांगितला तेवढे दिवस लावला. मी मोबाईलवर बघून भुजंगासन चालू केलं होतं, शेजारचे अण्णा म्हणलेत त्यांच्या ओळखीचा एकजण कंबर चोळून मोकळी करतो, दोन्हीवर मॅडम अशा कडाडल्या की बायको आतून हसायली.

आणि तंबाखू. माझ्या शर्टच्या खिशात चुन्याची डबी दिसली त्यांना. म्हणल्या काका, निकोटीननं हाड जुळायचं लांबतंय, कधी कधी जुळतच नाही, मग स्क्रू ढिला पडला की पुन्हा टेबलावर. डॉक्टरांनीही सांगितलं होतं पण ह्यांनी डबी उचलून सरळ बायकोच्या हातात दिली. पूर्ण सुटली असं म्हणत नाही, पण दुकानात बसून दिवसाला दहादा मळायचो ते बंद आहे. आठवड्यातून एखाद्या वेळी होतंय. मॅडमला हे माहीत नाही.

तक्रारी पण आहेत. वेळेच्या नावानं बोंब, चारला म्हणल्या की साडेपाच. सणासुदीला फोन उचलत नाहीत. आणि पावती! माझ्या पॉलिसीत डिस्चार्जनंतरचे 60 दिवस धरतात, पण ह्यांनी वहीच्या पानावर लिहून दिलं, ना लेटरहेड ना रजिस्ट्रेशन नंबर, क्लेम परत आला. पुढच्या वेळी छापील पावती दिली तवर दिवस संपून गेले होते. तुम्ही कुणाला लावलं तर हे पहिल्या दिवशीच मागून घ्या, आणि डॉक्टरांकडून फिजिओचं लिहून घ्या, त्या कागदाशिवाय कंपनी बघतच नाही.

येळवशीला, म्हणजे आमच्याकडं वेळ अमावस्येला शेतात जेवायचा सण असतो तवा, शेतात गेलो. दरवर्षी आंबिलाचं मडकं डोक्यावर माझ्याकडंच असतंय, ह्यावेळी पुतण्याकडं दिलं. कोपीसमोर (कडब्याच्या खोपटासमोर) पंगत बसली आणि मी एकटा प्लॅस्टिकच्या खुर्चीवर, ताट मांडीवर, भज्जी-भाकरी खाताना पाहुणे विचारायले "दुखलालंय का अजून?" दुखत नव्हतं. वीस मिनिटं झाली की उठून बांधानं एक चक्कर मारायची असं ठरवून दिलेलं आहे, तेवढ्यासाठी उठत होतो, तर लोकांना वाटलं ह्याला बसवंना.

ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांनी आपल्या डॉक्टरला विचारूनच करा, माझ्या मणक्याचं तुमच्याला लागू होईल असं नाही. चप्पल आता निसटत नाही. अंगठा मात्र अजून बधीर आहे, डॉक्टर म्हणतात नस लई सावकाश भरून येते. फेब्रुवारीत पुन्हा एक्स-रे आहे, तवर दुकानात गोण्या दुसऱ्यानंच उचलायच्या.