टेक्निक्स एसएल-१५००सी : काही महिने ऐकल्यानंतर

रेकॉर्ड वाजवायचं यंत्र, म्हणजे टर्नटेबल, घ्यायचं नक्की झाल्यावर माझी यादी शेवटी तीन नावांवर येऊन थांबली: रेगा प्लॅनर ३, प्रो-जेक्ट डेब्यू कार्बन ईव्हो आणि टेक्निक्स एसएल-१५००सी. तिन्ही उत्तम आहेत, यातलं कुठलंही घेतलं तरी फसगत होणार नाही. मी टेक्निक्स घेतलं ते त्याच्या टोनआर्मसाठी, म्हणजे सुई पेलणाऱ्या दांडीसाठी. आर्मची उंची कमी-जास्त करता येते, मागच्या वजनाने आणि अँटी-स्केटिंगच्या (सुईची आत ओढ रोखणाऱ्या) डायलने तो हवा तसा लावता येतो, आणि त्याचं पुढचं टोक, हेडशेल, कडी फिरवली की हातात येतं. नीट जपलं तर टर्नटेबल अनेक वर्षं चालतं. सुईचं आयुष्य मात्र साधारण ५०० ते १००० तासांचं. म्हणजे कार्ट्रिज (सुईची थरथर विजेच्या संकेतात बदलणारा भाग) बदलायची वेळ येणारच, आणि तेव्हा कुठली घ्यावीशी वाटेल हे आज कोण सांगणार? जो आर्म कुठल्याही कार्ट्रिजशी जुळवून घेईल तो आधी बघायचा, बाकीचं नंतर, हा माझा हिशेब.

बेल्ट की डायरेक्ट ड्राइव्ह या वादात लोक फार हिरिरीने उतरतात. बेल्टवाले म्हणतात, मोटर बाजूला ठेवून रबरी पट्ट्याने प्लॅटर (रेकॉर्ड ठेवायची थाळी) फिरवला की मोटरची थरथर पट्ट्यातच मुरते. खरं आहे. डायरेक्ट ड्राइव्हमध्ये प्लॅटर थेट मोटरवरच बसतो, त्यामुळे मोटर जराशी अडखळली तरी ते सुईपर्यंत पोचतं. १९७०च्या आपल्या एसपी-१० टर्नटेबलपासून टेक्निक्स याच अडचणीशी झगडत आलं आहे. १९७२चं एसएल-१२०० डीजे मंडळींनी उचलून धरलं, २०१०मध्ये ते बंद झालं आणि २०१६मध्ये नव्या कोरलेस मोटरसह परत आलं. २०१९चं एसएल-१५००सी त्याच घराण्यातलं. मोटरच्या वेटोळ्यांत लोखंडी गाभाच नसल्यामुळे चुंबक ठरावीक अंतरावर अडकत-सुटत नाही.

वेगातला चढउतार कंपनी ०.०२५ टक्के सांगते. या आकड्याने भारावून जाण्याआधी एक ढोबळ हिशेब करून बघा. रेकॉर्डचं भोक मध्यापासून अर्धा मिलिमीटर जरी सरकलेलं असेल, तरी केंद्रापासून १० सेंटिमीटरवरच्या खाचेत सूर प्रत्येक फेऱ्यात अर्धा टक्का वर आणि अर्धा टक्का खाली जातो. यंत्राच्या दोषाच्या वीसपट! पियानोच्या किंवा सतारीच्या लांबलेल्या सुरात ही डुलकी स्पष्ट ऐकू येते आणि त्यावर कुठल्याही मोटरकडे इलाज नाही. त्यामुळे चांगलं बेल्टचं यंत्र आणि हे, यांच्या वेगातला फरक आपल्याला कानाने कळतो असा दावा मी करणार नाही. डायरेक्टचा फायदा रोजच्या वापरातला आहे. बटण दाबलं की प्लॅटर क्षणात वेग पकडतो आणि मिनिटाला ३३ फेऱ्यांवरून ४५ वर जायला दुसरं बटण पुरतं. प्लॅनर ३वर त्यासाठी प्लॅटर उचलून बेल्ट पुलीच्या दुसऱ्या खोबणीत सरकवावा लागतो. ज्याच्याकडे ४५च्या रेकॉर्ड नाहीतच, त्याला याचं काय?

७८चा वेगही यावर आहे, पण म्हणून लाखेच्या जुन्या रेकॉर्ड एलपीच्या सुईने वाजवू नका. त्यांची खाच बरीच रुंद असते, नेहमीची सुई तळाशी रखडत फिरते. त्यासाठी जाड टोकाची वेगळी सुईच हवी.

आता जुळवणी. सगळा खेळ इथे आहे. सोबत येणारी ऑर्टोफोन २एम रेड कार्ट्रिज १.८ ग्रॅम दाब मागते. आर्म अधांतरी तोलून मागच्या वजनावरची डायल शून्यावर आणायची आणि मग १.८ वर न्यायची, एवढंच काम आहे. तरीही सुईचा दाब मोजणारा छोटा डिजिटल काटा घ्याच. घेताना त्याच्या वरच्या पट्टीला लोहचुंबक चिकटत नाही ना, हे बघा. चिकटत असेल तर कार्ट्रिजमधलं चुंबक पट्टीला ओढतं आणि वजन चुकीचं दिसतं. दाब कमी ठेवला की रेकॉर्ड कमी झिजते, ही समजूत डोक्यातून काढून टाका. हलकी सुई खाचेच्या भिंतींवर आपटत राहते आणि नुकसान त्यानेच होतं.

दुसरी गोष्ट ओव्हरहँग, म्हणजे सुई किती पुढे बसवायची ते. या आर्मसाठी हेडशेलच्या मागच्या रबरी वॉशरपासून सुईच्या टोकापर्यंत ५२ मिलिमीटर अंतर लागतं. हे चुकलं की रेकॉर्डच्या शेवटच्या गाण्यात ‘स’ आणि ‘श’ फिस्कारू लागतात. शेवटच्याच का? एलपीच्या बाहेरच्या कडेला खाच सुईखालून सेकंदाला साधारण ५१ सेंटिमीटर सरकते, आतल्या टोकाला जेमतेम २१. तेवढाच आवाज निम्म्याहून कमी जागेत कोंबलेला असतो, त्यामुळे सुईचा कोन जरा चुकला तरी तिथे लगेच उघडा पडतो. रोजच्या ऐकण्यात मला सगळ्यात जास्त फरक जाणवला तो या जुळवणीने.

त्याच्या खालोखाल जागेने. मोटर बंद ठेवून थांबलेल्या रेकॉर्डवर सुई टेकवा, आवाज बेताने वाढवा आणि यंत्राखालच्या फळीवर बोटाने हलकेच टिचकी मारा. स्पीकरमधून धप्प असा आवाज आला, तर गाणं चालू असतानाही स्पीकरची थरथर त्याच वाटेने सुईत शिरते आहे असं समजा. खालचे सूर मग भोंगळ होतात, आणि आवाज फार मोठा केला तर घुमायलाच लागतात. स्पीकर आणि टर्नटेबल एका कपाटावर नकोतच. भिंतीत पक्की ठोकलेली फळी सगळ्यात बरी, कारण चालताना जमीन हलते तशी भिंत हलत नाही. यंत्राचं वजन जवळजवळ १० किलो आहे, तेव्हा फळीचे ब्रॅकेट भक्कम हवेत. पाय फिरवून उंची बदलता येते, पातळी त्यानेच साधा.

फोनो प्रीअँप आतच बसवलेला आहे. तो काय करतो हे कळलं की अर्धा गोंधळ मिटतो. रेकॉर्ड कोरताना खालचे सूर दाबतात आणि वरचे उचलतात. २० हर्ट्झला सुमारे २० डेसिबल कमी, २० किलोहर्ट्झला सुमारे २० डेसिबल जास्त. १९५४पासून रूढ झालेल्या या आरआयएए वळणाच्या नेमकं उलट काम प्रीअँप करतो, शिवाय काही मिलिव्होल्टचा क्षीण संकेत मोठा करतो. यंत्राच्या मागे लाइन आणि फोनो अशी दोन्ही आउटपुट आहेत. लाइनची वायर अँप्लिफायरच्या फोनो सॉकेटमध्ये घातलीत तर हे सगळं दोनदा होतं आणि आवाज फुगून फाटतो. आतला प्रीअँप शांत आहे, तेवढ्यासाठी वेगळा डबा आणायची घाई मला वाटली नाही.

मधे रेडची सुई काढून त्याच कार्ट्रिजवर २एम ब्लूची लावली. स्क्रू सोडवावे लागत नाहीत, सुई पुढे ओढून काढायची आणि नवी सरकवायची. दाब तोच, १.८ ग्रॅम. दोघींचं टोक लंबगोलच, पण रेडचा हिऱ्याचा कण धातूच्या दांडीवर चिकटवलेला असतो आणि ब्लूची सबंध सुईच हिऱ्याची. टोक हलकं, म्हणून खाचेतल्या बारीक नागमोडी वळणांमागे ते चपळपणे धावतं. झांजांची किणकिण आता लांबवर विरत जाते, आणि कोरसमधले आवाज सुटे ऐकू येतात. रेडवर ते एकमेकांत मिसळायचे. रेड वाईट नाही, पण हा बदल करायचाच.

बाजू संपली की आर्म आपोआप उचलला जातो, ही सोय मला फार आवडली. उशिरा रात्री ऐकणाऱ्याची सुई शेवटच्या खाचेत तासन्‌तास घासत राहत नाही. प्लॅटर मात्र फिरतच राहतो आणि आर्म जागेवर आपण ठेवायचा. पूर्ण स्वयंचलित यंत्र हवं असेल तर हे ते नव्हे. वेग सूक्ष्म बदलण्याची सरकपट्टी आणि वेग तपासायची स्ट्रोबची खूणही यावर नाही, ती हवी असणाऱ्याने एसएल-१२००कडेच वळावं. आणि मूव्हिंग कॉइल (जिच्यात चुंबकाऐवजी वेटोळं हलतं अशा) कार्ट्रिजचा विचार डोक्यात असेल तर आतला प्रीअँप फक्त २एम रेडसारख्या मूव्हिंग मॅग्नेटसाठी आहे. कॉइलचा संकेत बहुधा अर्ध्या मिलिव्होल्टच्याही आत असतो, त्याला वेगळा प्रीअँप लागेल आणि तो खर्च आधीच धरून चाला.