डायमंडचं पेंटहाउस की एक्लिप्स टॉवर्स? जीटीए ऑनलाइनमध्ये आधी कुठलं घ्यावं

जीटीए ऑनलाइन या व्हिडिओ गेममध्ये पंधरा-वीस लाख डॉलर (गेममधले) गाठीला जमले की लॉस सँटोस या त्यातल्या काल्पनिक शहरातल्या दोन पत्त्यांवर नजर जाते. एक्लिप्स टॉवर्समधलं घर आणि डायमंड कसिनो अँड रिसॉर्टचं मास्टर पेंटहाउस. दोन्ही आलिशान, पण एक कमावून देतं आणि दुसरं बहुतांशी हौस भागवतं.

एक्लिप्समधलं साधं अपार्टमेंट साधारण 4 लाखांना मिळतं. 2015 च्या अपडेटमध्ये आलेले तिथले तीन पेंटहाउस सूट 9 ते 11 लाखांचे. त्यांत आठ प्रकारच्या सजावटींमधून निवड करता येते. दोन्हींत 10 गाड्यांचं गॅरेज येतं, आणि मुख्य म्हणजे हाइस्टचा, म्हणजे टोळीने मिळून करायच्या मोठ्या दरोड्याचा, प्लॅनिंग रूम. तिथे भिंतीवर योजना आखायचा बोर्ड असतो. त्या बोर्डाशिवाय फ्लीका जॉबपासून पॅसिफिक स्टँडर्डपर्यंतच्या जुन्या हाइस्ट लीडर म्हणून सुरूच करता येत नाहीत. त्यासाठी खेळाडूची लेव्हल 12 हवी. फ्लीकाला दोघं, बाकीच्यांना चौघं लागतात, आणि सेटअपचा खर्च लीडरच्या खिशातून जातो. फक्त हाइस्टच करायच्या असतील तर डेल पेरो हाइट्समध्ये 2 लाखांच्या आसपास तोच बोर्ड मिळतो. एक्लिप्सचे जादा पैसे पत्त्याचे आणि नजाऱ्याचे. पुढे दुसरं घर घेताना जुनं बदल्यात देता येतं, म्हणजे पैसा अगदीच अडकून पडत नाही.

2013 पासून ज्या बांधकामाबाहेर ‘लवकरच सुरू’ असा फलक होता, तिथे जुलै 2019 मध्ये डायमंड उघडलं. पेंटहाउसची किंमत 15 लाखांपासून. इथेच बरेच जण फसतात. वेबसाइटवर तयार पॅकेजं समोर येतात, आणि लाउंज, स्पा, बार, मीडिया रूम, खाजगी डीलर, गॅरेज अशा सगळ्यावर टिक करत गेलं की आकडा 65 लाखांच्या घरात जातो. गॅरेजसुद्धा मूळ किमतीत नाही! सुरुवातीला सगळ्यात स्वस्त पॅकेज घ्या. बाकीचं नूतनीकरणातून केव्हाही जोडता येतं. हे पेंटहाउस परत विकता येत नाही, हे मात्र लक्षात असू द्या.

बदल्यात व्हीआयपी सदस्यत्व, मोठ्या बोलीची टेबलं आणि गेममधल्या अगाथा बेकर या पात्राने दिलेली सहा मिशन मिळतात. ती सहाही स्वतः होस्ट होऊन पूर्ण केली की चिलखती एनस पॅरागॉन आर ही गाडी फुकट. मित्राच्या मिशनमध्ये नुसतं सामील झालात तर ती गाडी मिळत नाही. कसिनोतल्या लकी व्हील या बक्षिसांच्या चाकासाठी मात्र पेंटहाउस लागत नाही. 500 डॉलरचं साधं सदस्यत्व पुरतं आणि चाक दिवसातून एकदा फिरवता येतं. काही देशांत चिप्सचा, म्हणजे जुगाराच्या टोकनांचा, खेळ बंद असतो, म्हणून घर घेण्याआधी कॅशियरकडे जाऊन चिप्स मिळतात का ते पाहा.

आमचं मत स्पष्ट आहे: आधी एक्लिप्स, किंवा हात आखडता असेल तर डेल पेरो. डायमंड नंतर, खर्चून हातात पैसा उरत असेल तेव्हा. कसिनोच लुटायचा असेल तर पेंटहाउसचा काहीच उपयोग नाही. त्या हाइस्टला आर्केड, म्हणजे गेममध्ये विकत घ्यायचं व्हिडिओ गेमचं दुकान, लागतं. सगळ्यात स्वस्त आर्केड पॅलेटो बेमधलं पिक्सेल पीट्स, 12 लाख 35 हजारांना. पण ते नकाशाच्या पार उत्तरेच्या टोकाला आहे, त्यामुळे तयारीच्या बऱ्याच मिशनमध्ये लांबच लांब गाडी हाकावी लागते.