ऑराकास्ट इअरबड्स, पावसाळाभर वापरून: गाणं तिघांत वाटलं, टाळ मात्र गळाले

ऑराकास्ट म्हणजे एका फोनवरचा आवाज ब्लूटूथने एकाच वेळी अनेकांच्या बड्सवर पाठवायची सोय. स्पेक्स सगळीकडे आहेत, ते सोडून देतो. बदलापूरहून सकाळच्या फास्ट लोकलला आम्ही तिघं मित्र असतो आणि एका फोनवरचं गाणं तिघांना ऐकायचं असतं. एक बड तुझ्या कानात, एक माझ्या, हे मला चालत नाही. कानातला मळ काय वाटून घ्यायचा?

मूळ काम झकास. फोनवर ऑडिओ शेअरिंग चालू करायचं, क्यूआर कोड दाखवायचा, समोरच्याने स्कॅन केला की झालं. प्रत्येकाचा आवाज ज्याच्या त्याच्या हातात.

आता टाळ. तिसऱ्याचे बड्स दुसऱ्या कंपनीचे, त्यांच्यावर गाणं तुटायचं. सेटिंगमधली कम्पॅटिबिलिटी चालू केली, तुटणं थांबलं आणि अभंगातले टाळ मेले. प्रक्षेपणात आवाजाचे नमुने घेण्याचा दर ४८ किलोहर्ट्‌झवरून २४ वर उतरतो, आणि आवाज त्या दराच्या निम्म्यापर्यंतच पोचतो, म्हणजे १२ किलोहर्ट्‌झच्या वरचं काही कानापर्यंत येतच नाही. पखवाज खणखणीत, गाणाऱ्याचा गळा स्वच्छ, आणि टाळ उशीखाली वाजवल्यासारखे. मित्र म्हणतात, तुला एकट्यालाच ऐकू येतं. येत असेल. पलीकडच्या डब्यातल्या भजनी मंडळाने माझे कान बिघडवलेत.

कस्टमर केअरचं उत्तर: दुसऱ्या कंपनीच्या बड्सची जबाबदारी आमची नाही. अहो, मग खोक्यावर ‘मित्रांसोबत ऐका’ छापता कशाला? मित्रही तुमच्याच दुकानातून घ्यायचे का? सोनीच्या १९७९ च्या पहिल्या वॉकमनला हेडफोनची दोन भोकं होती, वर गाणं चालू असताना एकमेकांशी बोलायला वेगळं बटण. कुठलाही हेडफोन खुपसा, टाळासकट ऐका.

इथवर मी दोनच तारे देणार होतो. गणपतीच्या सुमारास फर्मवेअर अपडेट आलं आणि तिसऱ्याच्या बड्सवरही पूर्ण दर्जाचा आवाज टिकायला लागला. तोही डोंबिवलीपर्यंतच. तिथे गर्दी आत घुसते, आणि ब्लूटूथच्या २.४ गिगाहर्ट्‌झच्या लहरी माणसांच्या अंगात जिरतात. मग पुन्हा कम्पॅटिबिलिटी, पुन्हा उशी. हा दोष कंपनीचा नाही, मध्य रेल्वेचा म्हणा हवं तर. तीन तारे.

घ्यायचेच असतील तर दिवाळी सेलपर्यंत थांबा, पूर्ण किंमत मोजू नका. आणि आधी मित्रांच्या बड्सची खोकी तपासा. ‘ब्लूटूथ ५.३’ वाचून हुरळू नका. ऑराकास्ट ज्याच्यावर चालतं तो एलई ऑडिओ ब्लूटूथ ५.२ पासून आला खरा, पण तो द्यायचा की नाही ही कंपनीची मर्जी. खोक्यावर ‘ऑराकास्ट’ हाच शब्द छापलेला हवा.