टालीवरचा, पिशवीतला, करवंटीचा: दिवाळीपासून वापरलेला लाकडी कोळसा

निकाल आधी सांगतो, ज्याला कारणं हवीत तो पुढे वाचेल. केटल ग्रिलसाठी टालीवरचा, म्हणजे लाकडाच्या वखारीतला, बाभळीचा कोळसा, घरी चाळून घेतलेला. पिझ्झा ओव्हनसाठी खाली तोच कोळसा आणि वर सुक्या लाकडाच्या बोटभर जाड फोडी. मंद आचेवर तासन्‌तास काही ठेवायचं असेल तर नारळाच्या करवंटीचा. भुकटी साच्यात दाबून केलेले ब्रिकेट मी आता घरात आणत नाही.

सामान असं: ५७ सेंटिमीटर व्यासाची झाकणवाली केटल ग्रिल, आणि दिवाळीत घेतलेला छोटा पिझ्झा ओव्हन, मागच्या बाजूला जळणाचा ट्रे असलेला, १२ इंची पिझ्झा बसेल एवढा. दोन्ही गच्चीवर, मनीषनगरात. थंडीत जोरात वापर झाला, मे महिन्यात रात्री नऊनंतरच, आणि आता पावसाच्या उघडिपीत चालू आहे.

नागपुरात नुसतं ‘कोळसा’ म्हणून भागत नाही. वेकोलिचं (वेस्टर्न कोलफील्ड्स या कोळसा कंपनीचं) मुख्यालय इथलं, उमरेड-कामठीच्या खाणी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे दुकानदार पहिलं विचारतो, “दगडी का लाकडी, भाऊ?” दगडी कोळशाच्या धुरात गंधक आणि डांबर असतं, त्यावर खायचं काही भाजायचं नाही, एवढं बोलून तो विषय संपवू. लाकडी कोळसा मिळतो लाकडाच्या टालीवर, जिथून इस्त्रीवाले, तंदूरवाले आणि पावसाळ्यात भुट्टेवाले पोती उचलतात. दुसरा मार्ग ऑनलाइनचा, ‘बार्बेक्यू चारकोल’ लिहिलेल्या चकचकीत पिशव्यांचा. मला टालीवर किलोला ५० ते ६० रुपये पडले, पिशवीतला १५० च्या पुढे. तिप्पट पैसे देऊन तिप्पट काय मिळतं, हे पाहायचं होतं.

पहिली पिशवी उघडली ती गच्चीवर ताडपत्री अंथरून, रेती चाळायच्या जाळीवर. मुठीएवढे तुकडे एका बाजूला, लिंबाएवढे दुसऱ्या बाजूला, जाळीखाली पडेल तो चुरा. पिशवी ५ किलोची होती आणि दीड किलोच्या आसपास माल जाळीखाली गेला. वर राहिलेल्यात एक गोटा निघाला, तारेचा तुकडा निघाला, आणि एका चिरफळीच्या अंगाला सनमायकाचा पापुद्रा तसाच चिकटलेला होता. म्हणजे कुठल्यातरी फर्निचर कारखान्याचं भंगार लाकूड त्या भट्टीत गेलं होतं. प्लायवूडचा डिंक आणि रंग जाळून त्यावर पनीर भाजायची माझी तयारी नाही. पिशवीवर मात्र ‘प्रीमियम हार्डवुड’ छापलेलं होतं. दुसऱ्या कंपनीची पिशवी बरीच बरी निघाली, चुरा पहिलीच्या अर्ध्याहून कमी. पण पिशवी बंद असते आणि पोतं उघडं असतं, फरक तिथेच पडतो. टालीवर मी हात घालून तुकडे निवडू शकतो.

चुऱ्याचं एवढं का लावून धरतो, तर कोळसा पेटतो तो तुकड्यांमधल्या फटींतून येणाऱ्या हवेवर. चुरा त्या फटी बुजवतो, खालचा विस्तव गुदमरतो, वरचा धुपत राहतो आणि जाळीवर चिकन निम्मं शिजून बसतं. मग माणूस पंखा मारतो, राख उडते, ती चिकनवर बसते. चुरा टाकून देऊ नका, पेटलेल्या आरावर मूठभर पसरला तर आच थोडी दबते. तेवढाच त्याचा उपयोग.

आता मुख्य मुद्दा. कोणत्या लाकडाचा कोळसा, यावर लोक तावातावाने बोलतात. माझ्या अनुभवात लाकडापेक्षा भट्टी जास्त बोलते. लाकूड हवा कोंडून तापवलं की पाणी, वायू आणि डांबर निघून जातं, मागे कार्बन राहतो. साधारण ३०० अंशांवर भट्टी थांबवली तर सुक्या लाकडाच्या वजनाच्या ४२ टक्के कोळसा हाती येतो, पण त्यात स्थिर कार्बन ६८ टक्क्यांच्या आसपास. तीच भट्टी ५०० अंशांपर्यंत नेली तर कार्बन ८६ टक्क्यांवर जातो आणि माल मात्र ३३ टक्क्यांवर येतो. कोळसा वजनावर विकला जातो, त्यामुळे भट्टीवाल्याला लवकर थांबण्याचा मोह कायमचा. असा अर्धकच्चा कोळसा पिवळ्या ज्योतीने भकभक जळतो, डोळ्यांत पाणी आणतो आणि मांसाला डांबरट वास देतो. पुरता भाजलेला कोळसा पेटल्यावर जवळजवळ धूर देत नाही, वर निळसर आखूड ज्योत दिसते.

विकत घेताना हे कसं ओळखायचं? दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. खणखणीत, काचेसारखा आवाज आला तर घ्यायचा, भद्द आवाज आला तर कच्चा किंवा ओला. मग एक तुकडा मोडायचा. आतली कड चकचकीत काळी असावी, लाकडाची वलयं त्यात स्पष्ट दिसतात. आत तपकिरी पट्टा दिसला की पोतं बदलायचं. मी असे तुकडे आपटत बसलो होतो तर टालीवरचे काका म्हणाले, “कोळसा घेऊन राहिले का सोनं, भाऊ?” पण दुसऱ्या खेपेला त्यांनीच मागचं पोतं पुढे ओढलं. “हे घ्या, हे वाजते.” सालीसकट असलेले तुकडेही मी बाजूला काढतो, सालीतून ठिणग्या फार उडतात.

बाभळीचा म्हणून जो मिळतो त्यात पुष्कळदा वेडी बाभूळच असते. गुजरातेत कच्छात आणि तमिळनाडूत रामनाथपुरमच्या बाजूला याच झाडाच्या कोळशाचा मोठा धंदा आहे. लाकूड जड, त्यामुळे कोळसाही जड. चिमणी स्टार्टरमध्ये, म्हणजे कोळसा पेटवायच्या पत्र्याच्या उभ्या नळकांड्यात, भरून खाली कागदाचे दोन बोळे तेलात बुडवून लावले की वीसेक मिनिटांत वरच्या तुकड्यांवर राखाडी साय धरते. स्टार्टर महाग वाटला म्हणून मी इतवारीतल्या एका पत्रेवाल्याकडून करून घेतला, मूठ तेवढी लाकडी लावायला सांगितली. रॉकेल कधीच नाही. झाकण ठेवून दोन्ही झडपा अर्ध्या बंद केल्या तर एका भरणीत दीड तास भाजण्याजोगी धग टिकते. तंगडी, पनीर, भुट्टे, सिमला मिरची, सगळं होतं. सावजी मटण मात्र ग्रिलवर करायला जाऊ नका. तो मसाला आरावर जळून कडू होतो, त्याची जागा पातेल्यात.

वांग्यांचं वेगळं सांगतो. कोळशावर वांगं सावकाश, सगळीकडून सारखं भाजतं, आत लोण्यासारखं होतं. तरीही भरताला तुराट्यांची किंवा पऱ्हाटीची सर नाही. तिथे ज्योत साल झटकन करपवते आणि धूर आत शिरतो. ज्यांच्या शेतात तूर आहे त्यांनी माझ्या या सगळ्या लिखाणाकडे दुर्लक्ष करावं. कोळशावर तो धूर आणायचा असेल तर संत्र्याच्या लाकडाचे तुकडे वापरून बघा. काटोल-नरखेडकडे जुनी बाग काढली की लाकूड सहज मिळतं. निदान वर्षभर सावलीत सुकलेलं हवं, ओलं लाकूड फक्त आंबूस धूर देतं. दोन तुकडे आरावर टाकले की धूर हलका, किंचित गोडसर येतो, माशाला आणि चिकनला फार छान लागतो.

पिझ्झा ओव्हनमध्ये कोळशाची खरी परीक्षा झाली. नेपल्सच्या पद्धतीचा पिझ्झा ६० ते ९० सेकंदांत भाजतात. त्यासाठी खालचा दगड ४०० अंशांच्या घरात आणि वरचा घुमट त्याहून तापलेला लागतो. नुसत्या कोळशावर, ४० मिनिटं तापवून, इन्फ्रारेड थर्मामीटरने दगड मोजला तर आकडा ३८० च्या वर आलेला असायचा. आकडा बघून खूश व्हावं आणि पिझ्झा आत सरकवावा, तर बूड दीड मिनिटात काळं, कड पांढरीफटक, चीज नुसतं वितळून पडलेलं. कारण साधं आहे. निखारा जिथे आहे तिथूनच समोरच्या वस्तूला तापवतो. त्याला लांब ज्योत नसते. पिझ्झाच्या वरच्या अंगाला घुमटाखालून पुढे वाहत येणारी ज्योत लागते, आणि ती लाकडातल्या त्या वायूंची असते जे कोळसा करताना भट्टीतच निघून गेले. म्हणजे ग्रिलवर जो गुण, तोच इथे उणेपणा.

आता मी असं करतो. ट्रेमध्ये चिमणीत पेटवलेला बाभळीचा कोळसा, लिंबाएवढे तुकडे, ट्रेच्या अर्ध्यापर्यंत. मुठीएवढे घातले तर ट्रेमध्ये नीट बसत नाहीत, मध्ये मोठ्या पोकळ्या राहतात. यावर दगड तापू द्यायचा. पीठ थापून, सॉस लावून तयार झालं की बोटभर जाडीच्या, वीतभर लांबीच्या सुक्या फोडी दोन टाकायच्या आणि अर्धा मिनिट थांबायचं. ज्योत मागून उठते, घुमटाला लागते आणि तोंडाकडे वळते. तेव्हा पिझ्झा आत. वीस सेकंदांनी पहिली गिरकी, मग दर दहा-पंधरा सेकंदांनी. कडेवर बिबट्यासारखे काळे ठिपके येतात, तुळस टाकायलासुद्धा घाई होते. नुसत्या लाकडावरही हे जमतं, पण सतत लाकूड घालत बसावं लागतं आणि दोन पिझ्झांच्या मध्ये दगड थंडावतो. खालचा कोळसा ती धग धरून ठेवतो, एवढं त्याचं काम, आणि ते तो चोख करतो.

राखेचाही हिशेब इथेच लागतो. चांगल्या लाकडी कोळशाची राख वजनाच्या २ ते ५ टक्के. ब्रिकेट म्हणजे कोळशाची भुकटी स्टार्चमध्ये कालवून दाबलेली, त्यात कधी मातीही मिसळलेली. त्याची राख कितीतरी जास्त, आणि ओव्हनच्या एवढ्याशा ट्रेची भोकं दुसऱ्या-तिसऱ्या पिझ्झालाच बुजतात. ग्रिलमध्ये ब्रिकेटची आच एकसारखी असते हे मान्य, पण पेटताना जो वास येतो तो मला जमला नाही. हलक्या लाकडाच्या कोळशाची राख तर इतकी तरंगते की ओव्हनच्या ओढीबरोबर उडून पिझ्झावर येते.

करवंटीचा कोळसा दक्षिणेकडून येतो. कडक, पातळ, वाकड्या कवच्यांसारखे तुकडे. पेटायला हट्टी, पण पेटला की शांत आणि लांब चालतो, धूर जवळजवळ नाहीच. झाकण लावून ११०-१२० अंशांवर मटणाची रान चार-पाच तास ठेवायची तर याच्यासारखा नाही. पिझ्झासाठी निरुपयोगी, तेवढी उष्णता तो लवकर देतच नाही. भावही चढा, त्यामुळे सणासुदीलाच.

एक गोष्ट जरा जोरात सांगतो. डिसेंबर-जानेवारीत आपल्याकडे पारा दहाच्या खाली जातो आणि लोक शेगडी, ग्रिल उचलून बंद बाल्कनीत, काचा लावलेल्या गच्चीच्या खोलीत आणतात. आमच्याच अपार्टमेंटमध्ये असं चाललेलं मी थांबवलं. धूर दिसत नाही म्हणजे काही नाही, असं वाटतं, आणि धोका नेमका तिथेच. जळत्या कोळशातून कार्बन मोनॉक्साइड निघतो, त्याला रंग नाही, वास नाही. डोकं जड होतं, झोप येते, आणि झोपलेला माणूस उठत नाही. कोळसा कितीही उंची असो, तो उघड्यावरच. निजताना खोलीत शेगडी तर अजिबात नको.

पावसाळ्यात साठवण हाच निम्मा विषय. कोळसा हवेतली ओल ओढून घेतो, जुलैत गोणीत पडलेला कोळसा हाताला थंडगार लागतो, तडतडतो आणि स्टार्टरमध्ये दुप्पट वेळ घेतो. मी मेमध्येच दोन पोती घेऊन ठेवली. त्या उन्हात गच्चीवर दोन दिवस पसरून कडकडीत वाळवली आणि झाकणाच्या पत्र्याच्या ड्रममध्ये भरली. ज्यांना आता घ्यायचाय त्यांनी भुट्टेवाल्यांच्या टालीवर जावं, तिथे माल रोज हलतो, पडून राहत नाही. उरलेला पेटता कोळसा झडपा आणि झाकण बंद करून विझवता येतो आणि पुढच्या वेळी नव्यात मिसळता येतो. फक्त तो त्याच रात्री ड्रममध्ये टाकू नका. वरून गार दिसणारा निखारा पोटात दुसऱ्या दिवशीपर्यंत जिवंत असतो.

राखेचं विचारतात म्हणून: कुंड्यांत फार टाकू नये. राख अल्कधर्मी आणि आपली काळी माती मुळात त्याच बाजूची. लाकडी कोळशाची राख चाळून आम्ही तवा आणि ग्रिलची जाळी घासायला ठेवतो, ब्रिकेटची होती ती सरळ कचऱ्यात गेली.