मळक्या लंगोटांची बादली, पिशवी आणि धुतलेल्यांची जागा

तान्ह्या बाळाचे दिवसाला दहा-बारा लंगोट निघतात, सहा महिन्यांनंतर सहा-आठ. एक दिवसाआड मशीन लावायचं म्हटलं तरी मळक्या लंगोटांची किंवा कापडी डायपरची चांगली रास साठते. ती ठेवायला घरच्या घरी तीन गोष्टी करता येतात: भोकं पाडलेली कोरडी बादली, वॉटरप्रूफ कापडाची पिशवी, नाहीतर सरळ पाण्याने भरलेली बादली.

निवड करताना झाकण किती घट्ट बसतं ते बघू नका, हवा किती खेळते ते बघा. लघवीतल्या युरियाचा जिवाणूंमुळे अमोनिया होतो. त्याला ओल, ऊब आणि वेळ लागतो आणि घट्ट झाकणाखाली ओल आणि ऊब आयतीच मिळते. दुसऱ्या दिवशी झाकण उघडल्यावर डोळ्यांना झोंबतो तो हाच वास.

म्हणून घरात वापरायला कोरडी बादली सगळ्यांत सरस. रंगाची रिकामी २० लिटरची बादली घ्या. आत रंगाचा पापुद्रा राहिला असेल तर ती बाद करा. काठापासून खाली साधारण वीतभर जागेत ८ मिलिमीटरची वीस-पंचवीस भोकं ड्रिलने पाडा आणि कडा पॉलिश पेपरने घासा, नाहीतर डायपरचं वॉटरप्रूफ कापड तिथे अडकून फाटतं. बुडाला भोकं पाडू नका. ओघळ थेट फरशीवर येतो. आत अस्तर म्हणून जुन्या सुती चादरीची पिशवी शिवा, तोंडाला नाडीऐवजी सैल इलॅस्टिक लावा. हा फरक छोटा वाटतो, पण धुण्याच्या वेळी तोच महत्त्वाचा. पिशवी उलटी करून सगळं मशीनमध्ये टाकायचं आणि पिशवीही सोबत टाकायची. नाडी आवळलेली राहिली तर लंगोट गठ्ठ्यातच फिरतात आणि मधले तसेच मळके निघतात. अशा दोन पिशव्या हव्यात, एक धुण्यात असताना दुसरी बादलीत.

शी मात्र कोणत्याही बादलीत जाऊ नये. बाळ वरचं खाऊ लागलं की ती संडासात झटकून, जेटने धुऊन मगच लंगोट आत टाकायचा. रात्रीचा डायपर भिजून जड झालेला असतो, तो आधी साध्या पाण्यातून पिळून काढा. रात्रीचे डायपर नुसते खंगाळले तरी वास बराच कमी होतो. उन्हाळ्यात-पावसाळ्यात दोन दिवसांवर माल थांबवू नये. दमट हवेत बुरशीचे काळे ठिपके पडतात आणि ते सुती कापडातून सहज जात नाहीत.

वॉटरप्रूफ पिशवीची खरी जागा प्रवासात आणि पाळणाघरात. तिच्यात हवा खेळत नाही, म्हणून चोवीस तासांवर तिच्यात काही ठेवू नये. शिवायची तर पीयूएल कापड, म्हणजे पॉलिस्टरवर पॉलियुरेथेनचा पातळ थर असलेलं, घ्या. ५० सेंमी बाय १ मीटरचा तुकडा मधोमध दुमडला की साधारण ५० बाय ५० सेंमीची पिशवी होते. आठ-दहा डायपर बसतात. चकचकीत बाजू आत ठेवा. टाचण्या लावू नका, प्रत्येक टाचणीचं भोक कायमचं राहतं. कपड्यांच्या क्लिपा चालतात. टाका ३ मिलिमीटरचा आणि दोरा पॉलिस्टरचा. सुती दोरा वातीसारखी ओल ओढतो आणि शिवणीवर बाहेर डाग उमटतो. रेक्झीन किंवा मेणकापड स्वस्त पडतं, पण घडीवर चिरा जातात आणि मशीनमध्ये धुता येत नाही.

पाण्याची बादली पूर्वी घरोघरी असायची. साध्या सुती लंगोटांसाठी दोन-तीन तास चालेल. पॉकेट डायपर, म्हणजे बाहेर वॉटरप्रूफ थर आणि आत शोषक घडी घालायचा कप्पा असलेले, असतील तर नाही, कारण सतत भिजण्याने इलॅस्टिक सैल पडतं आणि वॉटरप्रूफ थर सुटायला लागतो. घरात रांगणारं किंवा धरून उभं राहणारं मूल असेल तर हा पर्याय मुळीच नको. दोन-चार इंच पाण्यातही मूल बुडू शकतं.

धुतलेल्यांचं काय? पूर्ण वाळल्याशिवाय ते डब्यात किंवा ट्रंकेत बंद करू नका. बांबूच्या कापडाचे इन्सर्ट, म्हणजे डायपरच्या आत घालायच्या शोषक घड्या, वरून कोरडे लागतात, आतली घडी ओली असते; दुमडून गालाला लावून बघा, थंडगार लागलं तर अजून वाळायचंय. उघडी टोपली स्वस्त आणि हवेशीर. धूळ येते एवढंच. कपाटाच्या दाराला अडकवायची कप्प्यांची लटकण शिवायची तर जुनी जाड चादर किंवा जीन्स घ्या, पण कप्पे सपाट शिवू नका. इन्सर्ट घातलेला डायपर चार-पाच सेंमी जाड होतो. प्रत्येक कप्प्याच्या दोन्ही बाजूंना ४ सेंमीची चुणी सोडा, नाहीतर पहिला डायपर आत जाईल आणि दुसऱ्याला उसवलेली शिवण मिळेल.

आणि बाळाच्या कपड्यांत डांबराच्या गोळ्या अजिबात नकोत. त्यांतलं नॅफ्थलीन कापडात मुरतं आणि जी-६-पीडीची (तांबड्या पेशींना जपणाऱ्या एका एन्झाइमची) कमतरता असलेल्या बाळाच्या तांबड्या पेशी फुटून कावीळ होऊ शकते. कडुनिंबाचा वाळलेला पाला जुन्या मलमलीच्या पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवा, चुरा कपड्यांना लागणार नाही असा.