स्पेनमधल्या घराची चावी, टपालपेटी आणि पैसे एकाच माणसाच्या हातात

गेल्या गणपतीत मंडळात भेटलेलं एक जोडपं सहज बोलून गेलं, "आम्हीही तोरेव्हिएखाच्या बाजूला फ्लॅट घेतोय. तिथे एक इंग्रज गृहस्थ आहेत. चावी, टॅक्स, पाणी सगळं तेच बघतात. आपण वर्षाला एकरकमी पैसे पाठवायचे की झालं." 'एकरकमी' ऐकलं आणि मी त्यांना कोपऱ्यात नेऊन तासभर डोकं खाल्लं. जे त्यांना सांगितलं तेच इथे लिहिते, कारण ज्याने आम्हाला बुडवलं तो काही एकटाच नाही.

आम्ही इंग्लंडमधल्या लेस्टरला राहतो. २०१७ मध्ये स्पेनच्या अलिकान्ते प्रांतात दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला. खाली सगळ्यांचा मिळून एक तरणतलाव, शुक्रवारी जवळच्या तोरेव्हिएखा शहराचा मोठा आठवडी बाजार. नवऱ्याच्या गुडघ्यांना लेस्टरचा नोव्हेंबर सोसत नाही, हे घर घेण्याचं खरं कारण. तेव्हापासून संसार दोन ठिकाणी. दोन मिसळणाचे डबे, दोन कुकर, दोन पोळपाट. ब्रेक्झिटनंतर ब्रिटनमधून तिकडे दुधाचे पदार्थ नेता येत नाहीत, त्यामुळे तूप तिथेच कढवते. स्पॅनिश लोणी त्यासाठी झकास आहे, हे जाता जाता.

ब्रेक्झिटने आणखी एक केलं. १ जानेवारी २०२१ पासून आमच्यासारख्या ब्रिटिश पासपोर्टवाल्यांना कुठल्याही १८० दिवसांत ९० दिवसांपेक्षा जास्त तिथे राहता येत नाही. म्हणजे घर कधी रिकामं राहणार, हे आमच्या येण्याजाण्याच्या तारखा पाहून कुणीही सांगावं. हा ९० दिवसांचा हिशेब आमच्यापेक्षा, ज्याच्याकडे आम्ही घराची चावी दिली त्या चावीवाल्याला जास्त पाठ होता.

तो भेटला २०२० मध्ये. विमानं बंद, घर बंद, शेजारच्या जिन्यात पाणी गळतंय असा निरोप आलेला. त्याच वसाहतीत राहणारा हा इंग्रज, साठीचा, बोलायला गोड. दर पंधरा दिवसांनी घर उघडायचं, नळ सोडून बघायचे, टपालपेटीतली पत्रं काढायची, फोटो पाठवायचे, एवढंच काम आणि महिन्याचा माफक मोबदला. ते त्याने पहिलं वर्षभर चोख केलं. फसवणारा माणूस पहिल्या महिन्यात फसवत नाही. आमचा फ्लॅट त्याच्यासाठी दुभती गाय होता, आणि गाय दूध देते आहे तोवर तिला चारा घालायला त्याची ना नव्हती.

मग आमची तिथली बँक दुसऱ्या बँकेत विलीन झाली. खातेक्रमांक बदलला, विजेचं बिल सोडून बाकी सगळे डायरेक्ट डेबिट विस्कटले. घरपट्टी, म्हणजे तिथला इबी, आणि पाणी दोन्ही थकायच्या बेतात. तेव्हा तो म्हणाला, "तुम्ही कशाला त्रास घेता? मी इथे गेस्तोर म्हणून, म्हणजे सरकारी कागदपत्रं करून देणारा म्हणून, सगळ्यांचं करतो. वर्षाला एक आकडा सांगतो, तो पाठवा."

इथे जरा थांबून तिथल्या कराचं सांगायला हवं, कारण सगळं पाणी तिथेच मुरलं. स्पेनमध्ये न राहणाऱ्या, पण तिथे घर असणाऱ्या माणसाला ते घर भाड्याने दिलं नाही तरी दर वर्षी आयकर भरावा लागतो. त्या अर्जाचं नाव मोदेलो २१०. एका वर्षाचा अर्ज पुढच्या वर्षाच्या ३१ डिसेंबरपर्यंत भरायचा. घराचं जे सरकारी मूल्य इबीच्या पावतीवर छापलेलं असतं, त्याचे १.१ किंवा २ टक्के हे तुमचं मानीव उत्पन्न. ते मूल्य अलीकडच्या दहा वर्षांत सुधारलेलं असेल तर १.१, नाहीतर २. त्यावर युरोपीय संघात राहणाऱ्यांना १९ टक्के, बाकीच्यांना २४ टक्के कर. आपण ब्रिटनमधले आता बाकीच्यांत.

आमच्या पावतीवर मूल्य होतं ४२,००० युरो. जास्तीचा दर धरला तरी २ टक्क्यांचे ८४०, आणि त्याचे २४ टक्के म्हणजे २०१ युरो ६० सेंट. घर दोघांच्या नावावर, म्हणून प्रत्येकाचा वेगळा अर्ज आणि प्रत्येकी १०० युरो ८० सेंट. हा गृहस्थ आमच्याकडून प्रत्येकी ४८० युरो घेत होता. वर त्याची फी वेगळी. "ब्रेक्झिटमुळे वाढलंय," एवढंच कारण सांगायचा, आणि ते खोटंही वाटत नसे, कारण दर खरोखरच १९ चा २४ झाला होता. असल्या लोकांची हीच खुबी. खऱ्या बातमीच्या पाठीवर बसवून खोटा आकडा पाठवायचा.

पावत्या मात्र नियमित यायच्या. कर खात्याचं बोधचिन्ह, आमची नावं, आमचे एनआयई (परदेशी माणसाला तिथे मिळणारे ओळख) क्रमांक, खाली सोळा अक्षरी पडताळणी कोड. नवरा आयुष्यभर हिशेबाच्या कामात होता. त्याने प्रत्येक पावती फाइलला लावली.

पहिला खटका २०२४ च्या वसंतात उडाला. आमच्या स्पॅनिश खात्यातून जप्तीची म्हणून एक रक्कम परस्पर वळती झाली. अलिकान्ते प्रांतातल्या बहुतेक नगरपालिकांचे कर सुमा नावाची सरकारी संस्था गोळा करते, तिथून ती जप्ती आली होती. दोन वर्षांचा इबी थकलेला, त्यावर २० टक्के दंड आणि व्याज. चावीवाल्याला विचारलं तर तोंड वर करून म्हणाला, "त्यांची चूक आहे, मी अर्ज केलाय, परत मिळतील." आधी सूचना कशी आली नाही? आली होती. टपालपेटीत. टपालपेटीची चावी त्याच्याकडे.

जूनमध्ये आम्ही गेलो. वरच्या मजल्यावर माद्रिदच्या एक आजी उन्हाळ्याला येतात. माझं मोडकंतोडकं स्पॅनिश आणि त्यांचे हातवारे यांवर आमची मैत्री. त्या जिन्यात भेटल्या आणि म्हणाल्या, तुमचे पाहुणे फार गोड होते हो, ती जुळी मुलं तर फारच. आमच्याकडे जुळी मुलं असलेले कुणी पाहुणे आलेले नव्हते. मी वर येऊन स्वयंपाकघर नीट बघितलं. माझा बिडाचा तवा, जो मी पोळ्यांशिवाय कशाला वापरत नाही आणि साबण लावत नाही, तो घासून पांढरा केलेला, कडेला गंज, आणि मधोमध डुकराच्या चरबीचा चिकट थर. नवऱ्याला जप्तीचं पत्र बघून जो राग आला नव्हता, तो मला तवा बघून आला.

स्पेनमध्ये विजेचे मीटर डिजिटल आहेत, आणि दातादिस नावाच्या संकेतस्थळावर ग्राहकाला स्वतःच्या मीटरचा तासातासाचा वापर बघता येतो. नवरा रात्री ते घेऊन बसला. आदल्या वर्षीचा अख्खा ऑगस्ट, आम्ही लेस्टरला असताना, रात्री दोन-तीन वाजता एसी चालू. दर शनिवारी सकाळी वापर शून्यावर, दुपारी चारनंतर पुन्हा वर. शनिवारी पाहुणे बदलत होते, हे सांगायला ज्योतिषी नको. वाढलेल्या बिलांबद्दल आम्ही पूर्वी विचारलं होतं तेव्हा "युद्धामुळे वीज महागलीय" हे उत्तर मिळालं होतं. तीही बातमी खरीच होती.

मग कराच्या पावत्या काढल्या. स्पॅनिश कर खात्याच्या संकेतस्थळावर कुठल्याही कागदावरचा सोळा अक्षरी कोड टाकला की मूळ कागद समोर येतो. लॉगिन लागत नाही, पैसे लागत नाहीत. २०२० च्या पावतीचा कोड टाकला. जो कागद उघडला तो एका अनोळखी माणसाचा, २०१९ सालचा, वेगळ्याच रकमेचा. २०२१ च्या पावतीचा कोड टाकला. तोच माणूस. २०२२, पुन्हा तोच. कुणा एका खऱ्या गिऱ्हाइकाच्या खऱ्या पावतीवर त्याने दर वर्षी फक्त नाव, वर्ष आणि आकडा बदलला होता. कोड बदलायचेसुद्धा कष्ट घेतले नव्हते, कारण तो कोड कुणी तपासत नाही हे त्याला माहीत होतं.

पुढचं थोडक्यात. कुलूप त्याच दिवशी बदललं. दुसऱ्या दिवशी त्याचा फोन बंद, घर बंद, दारावरची पाटी काढलेली. गुआर्दिया सिव्हिल या तिथल्या पोलीस दलाकडे तक्रार नोंदवली आणि तिची शिक्का मारलेली प्रत घेतली. ती प्रत पुढे प्रत्येक ठिकाणी लागते. कर खात्याने विचारण्याआधीच आम्ही एका वकीलबाईंमार्फत तिन्ही वर्षांचे अर्ज भरले. आपणहून भरलं तरी वर्षाहून जास्त उशीर झालेल्यावर १५ टक्के वाढ आणि व्याज लागतं, पण नोटीस निघाल्यावर जे होतं त्यापेक्षा ते पुष्कळ बरं. नोटीस पोहोचली नाही तर ती स्पेनच्या राजपत्रात छापतात, आणि तिथून पंधरा दिवसांनी ती तुम्हाला मिळाली असंच धरलं जातं. लेस्टरला बसून स्पेनचं राजपत्र कोण वाचतो?

इंग्लंडातल्या बँकेनेही हात वर केले. ७ ऑक्टोबर २०२४ पासून ब्रिटनमध्ये फसवून पाठवायला लावलेल्या पैशांची भरपाई बँकांना द्यावी लागते, पण ती देशातल्या देशात पाठवलेल्या पैशांना. आमचे पैसे युरोत, स्पॅनिश खात्यावर गेले होते, आणि तेही त्या तारखेच्या आधी. त्याने इंग्लंडातला खातेक्रमांक कधीच का दिला नाही, ते तेव्हा कळलं.

भाड्याने दिल्याची धास्ती वेगळीच. पर्यटकांना घर द्यायचं तर वालेन्सिया प्रदेशात, ज्यात आमचा प्रांत येतो, त्याची नोंदणी लागते, आणि बेकायदा दिलं तर आधी मालकाला धरतात. १ जुलै २०२५ पासून तर ऑनलाइन जाहिरातीला देशपातळीवरचा नोंदणी क्रमांकही मागू लागले, आणि ३ एप्रिल २०२५ पासून नव्याने असा धंदा सुरू करायला सोसायटीतल्या तीन-पंचमांश मालकांची संमती लागते. आमच्या घराची जाहिरात आमच्याच सोफ्याच्या फोटोसह तीन उन्हाळे चालली होती. आमच्या नावावर दंड आलेला नाही. वकीलबाईंनी सोसायटीच्या व्यवस्थापकाला आणि प्रदेशाच्या पर्यटन खात्याला तक्रारीची प्रत आधीच पाठवून ठेवली, ते बरं झालं.

आता कुणी विचारलं तर आम्ही एवढंच सांगतो. चावी ज्याच्याकडे, त्याच्याकडे टपालपेटीची चावी नको, आणि टपाल ज्याच्याकडे, त्याच्याकडे पैसे नकोत. इबी आणि पाणी तुमच्या स्वतःच्या खात्यातून डायरेक्ट डेबिटने जाऊ द्या, आणि ते पैसे खरंच जातायत का हे वर्षातून एकदा खात्यावर बघा. बँक बदलली की सगळे पुन्हा लावा. कर भरणाऱ्याचा नोंदणी क्रमांक मागा. गेस्तोर आदमिनिस्त्रातिव्हो हा नोंदणीकृत व्यवसाय आहे, त्यांची स्वतःची व्यावसायिक संघटना आहे आणि नाव तिथे विचारता येतं. वकिलांचंही तसंच. 'असेसोर फिस्काल', म्हणजे करसल्लागार, ही पाटी मात्र कुणीही लावू शकतो. बिलावर त्याचा करक्रमांक आणि २१ टक्के इवा (तिथला व्हॅट) असायलाच हवा. "बिल नको, तुमचा इवा वाचेल" असं कुणी म्हणालं की तिथूनच उठा. पावती आली की त्याच संध्याकाळी कोड टाकून बघा. दोन मिनिटांचं काम आहे. आणि तो आपल्याशी इंग्रजीत बोलतो, हे भरवशाचं कारण धरू नका. परक्या मुलुखात आपल्याला कळणारी भाषा बोलणारा भेटला की किती हायसं वाटतं ते मलाही ठाऊक आहे, पण त्याचा सगळा धंदा त्या हायसं वाटण्यावरच चालतो. आमच्या वसाहतीतले बाकीचे बुडालेले लोकही सगळे इंग्लंडातलेच निघाले. स्पॅनिश एकही नाही.

खटल्याचं म्हणाल तर कोर्टाने तो तात्पुरता बंद करून ठेवलाय, कारण आरोपीचा पत्ता नाही. नवा पुरावा आला तर तो पुन्हा उघडता येतो, असं वकीलबाई सांगतात. तेव्हा २०२० ते २०२४ या काळात त्या भागातल्या कुणा इंग्रज चावीवाल्यामार्फत तुम्ही मोदेलो २१० भरला असेल तर जुन्या पावत्या काढा आणि त्यांवरचे कोड एकमेकांशी ताडून बघा. दोन वर्षांना एकच कोड दिसला तर त्या घेऊन जवळच्या गुआर्दिया सिव्हिलच्या ठाण्यात जा. सोबत पासपोर्ट, एनआयई आणि पैसे पाठवल्याच्या बँकेच्या नोंदी न्या. आणि ऑगस्टमध्ये गेलात तर पुढचं काम संथ चालेल हे धरून चला, तेव्हा कोर्टं जवळपास बंदच असतात.