चौदा फुटी घेताय? डिझेल, सीएनजी आणि त्यांच्याबरोबर येणारं ऑइल-पाणी

भाच्याचा फोन आला, "मामा, चौदा फुटी ट्रक घेतोय. डिझेल घेऊ की सीएनजी?" मी विचारलं, "रात्री गाडी कुठे लावणार?" त्याला वाटलं मामाने विषय बदलला. पण मुंबईत या प्रश्नाचं निम्मं उत्तर तिथेच असतं.

माझ्याकडे तीन गाड्या आहेत, दोन सीएनजी आणि एक डिझेल. सीएनजीवाल्या पहाटे वाशी मार्केटला कांदा-बटाटा भरतात, दादर-भायखळ्याला उतरवतात आणि दुपारी परतीचं जे भाडं मिळेल ते घेतात. डिझेलवाली नाशिक आणि पुणे करते. ही वाटणी काही आधीपासून डोक्यात नव्हती. दोनदा हात पोळल्यावर झाली.

आधी भावाचं बघू, कारण सगळे तिथूनच सुरुवात करतात. २०२५ मध्ये मुंबईत डिझेल नव्वदच्या आसपास लिटर होतं आणि सीएनजी ऐंशीच्या आसपास किलो. लोक हे दोन आकडे शेजारी ठेवतात आणि म्हणतात, दहाच रुपयांचा तर फरक. पण एक लिटर आणि एक किलो ही मापंच वेगळी. एक किलो सीएनजीमध्ये साधारण १.३ लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते. तेवढा फायदा रस्त्यावर मात्र दिसत नाही, कारण डिझेल इंजिन मिळालेली ऊर्जा जास्त नीट वापरतं. माझ्या गाड्यांचं शहरातलं अ‍ॅव्हरेज सांगतो: डिझेल लिटरला ९, सीएनजी किलोला १०. म्हणजे दिवसाला ८० किलोमीटर चालणाऱ्या गाडीला डिझेल ८०० रुपयांचं लागतं, सीएनजी ६४० रुपयांचा. रोजचे १६० वाचले, पंचवीस दिवसांचे चार हजार.

चार हजार कमी नाहीत. पण आता लाइन धरा. सकाळी सातनंतर पंपावर गेलात तर रिक्षा, टॅक्सी, ओला-उबर, स्कूल व्हॅन आणि मग तुम्ही. पाऊण तास कुठे गेला कळत नाही. नंबर लागतो, सगळे खाली उतरतात, नोझल लागतं आणि मुलगा सांगतो, "प्रेशर नाही, एकशे साठच येतंय." टाकी २०० बारला (बार हे दाबाचं माप) भरायची असते. एकशे साठला भरून निघालात की संध्याकाळी पुन्हा लाइनीत उभे. या भानगडीत महिन्यात अडीच हजारांच्या दोन ट्रिपा जरी हुकल्या, तरी ते वाचलेले चार हजार गेले आणि वर पदरचे हजार.

म्हणून रात्रीच्या जागेचा प्रश्न. गाडी पंपापासून चालत जाण्याच्या अंतरावर लागत असेल आणि ड्रायव्हर पहाटे साडेतीनला भरून निघत असेल, तर लाइन नाही, प्रेशर पूर्ण, आणि हवा गार असल्याने गॅसही वजनाला थोडा जास्त बसतो. पंप चार किलोमीटर उलट्या दिशेला असेल तर सीएनजीचं गणित कागदावरच राहतं. दिवसाला दीडशे-दोनशे किलोमीटर शहरातच होत असतील तर मात्र तराजू सरळ सीएनजीकडे झुकतो. २०० किलोमीटरला रोजचे चारशे वाचतात, आणि त्यातून एखादी ट्रिप हुकली तरी परवडतं.

एक धोका कायम डोक्यात ठेवा. नोव्हेंबर २०२५ मध्ये ट्रॉम्बेच्या बाजूला गॅसची मुख्य पाइपलाइन खराब झाली, शहराला गॅस वाटणाऱ्या वडाळ्याच्या केंद्राला येणारा गॅस घटला आणि शहरातले कितीतरी पंप कोरडे पडले. माझ्या दोन्ही गाड्या तेव्हा जागेवर उभ्या होत्या. डिझेलवाली एकटी पळत होती. सगळ्या गाड्या एकाच इंधनावर नकोत, हे मी तेव्हापासून म्हणतो. एकच गाडी असलेल्याला त्याचा काही उपयोग नाही, हेही खरं.

सीएनजीच्या बाकी गोष्टी पटकन सांगतो. लोखंडी सिलिंडर जड असतात. साठ लिटरच्या एका सिलिंडरचं वजन साठ किलोच्या आसपास, आणि त्यात गॅस मावतो जेमतेम नऊ-दहा किलो. जेवढे सिलिंडर, तेवढा माल कमी. दर तीन वर्षांनी सिलिंडरची हायड्रो टेस्ट, म्हणजे पाण्याच्या दाबाने तपासणी, करावीच लागते. प्लेटवरची तारीख उलटली की चांगला पंपवाला नोझल लावत नाही. आणि भरल्या गाडीने कसाऱ्याचा घाट चढायचा असेल तर डिझेलचा ओढा वेगळाच. सीएनजी चढते, पण मागच्या गाड्यांचे हॉर्न ऐकत चढते.

डिझेलला शहराचा आजार

आता दुसरी बाजू. ती शोरूममध्ये कोणी सांगत नाही. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ हा गाड्यांच्या धुराचा नवा नियम आला. डिझेलमधलं गंधक ५० पीपीएमवरून १० पीपीएमवर आलं आणि गाडीच्या सायलेन्सरमध्ये डीपीएफ नावाची काजळी धरणारी जाळी बसली. ही जाळी काजळी साठवते आणि अधूनमधून स्वतःच ती जाळून टाकते. त्यासाठी तिला तापावं लागतं, आणि तापायला गाडी काही काळ एका वेगात सलग पळावी लागते. नाशिक हायवेवर हे आपोआप होतं. सायनपासून दादरपर्यंत पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये सरकणाऱ्या गाडीत होत नाही.

माझी डिझेल गाडी पहिले आठ महिने शहरातच होती. एके सकाळी ड्रायव्हर म्हणाला, "शेठ, ऑइल वाढलंय." मी हसलो. ऑइल कधी वाढतं का? डिपस्टिक काढून पाहिली तर खरंच वरच्या खुणेच्या बोटभर वर होतं, आणि पट्टीला डिझेलचा वास. जाळी तापवण्यासाठी इंजिन जादा डिझेल सोडतं. ते काम अर्धवट राहिलं आणि पुन्हा पुन्हा सुरू झालं की त्यातलं थोडं डिझेल इंजिनच्या सिलिंडरच्या भिंतीवरून उतरून ऑइलमध्ये मिसळतं. ऑइल पातळ होतं आणि बेअरिंग घासायला लागतं. वर्कशॉपमध्ये लॅपटॉप लावून जाळी जाळून घेतली, ऑइल-फिल्टर बदललं, दोन दिवस गाडी उभी. त्यानंतर ती नाशिकला लावली आणि आजार गेला.

तेव्हा शहरातल्या शहरात फिरणारी गाडी असेल तर डिझेल घेऊ नका, भाव काहीही असो. आठवड्यातून दोनदा तरी हायवे लागत असेल तर डिझेलला दुसरा पर्याय नाही, कारण परत येताना कुठल्या गावात गॅस मिळेल याचा घोर नसतो.

ऑइल: जाड-पातळ नव्हे, ग्रेड बघा

दुकानदार विचारतो, "पंधरा-चाळीस देऊ?" हा फक्त जाडीचा आकडा झाला. जुन्या बीएस-३, बीएस-४ गाडीला १५डब्ल्यू-४० मधलं सीआय-४ प्लस ग्रेडचं ऑइल बरोबर चालतं. तेच बीएस-६ डिझेलमध्ये ओतलं तर इंजिन कुरकुर करणार नाही, पण ऑइलमधली रसायनं जळून जी राख होते ती जाळीत बसते. काजळी जाळता येते, राख जळत नाही. म्हणून बीएस-६ ला कमी राखेचं ऑइल लागतं, सीके-४ किंवा गाडीच्या पुस्तकात जे लिहिलं असेल ते. डब्यामागे काही शे रुपये जास्त जातात. जाळीची किंमत एकदा वर्कशॉपमध्ये विचारा, मग ते जास्त वाटणार नाहीत.

सीएनजीला पुन्हा वेगळं. तिथे काजळी जवळजवळ नसते, त्यामुळे दहा हजार किलोमीटरनंतरही पट्टीवर ऑइल मधासारखं दिसतं. डिझेलवर हात काळे केलेले जुने मिस्त्री ते बघून म्हणतात, "अजून चालेल." इथेच फसगत होते. गॅसच्या जास्त उष्णतेने ते ऑइल रंग न बदलता आतून जुनं होतं, घट्ट व्हायला लागतं. सीएनजी इंजिनसाठीचं म्हणून जे ऑइल येतं तेच घ्या आणि रंग न बघता तारखेला बदला. स्पार्क प्लगही वेळेवर. प्लग कमजोर झाला की पिकअप जातो आणि सगळे गॅसला दोष देतात.

सिग्नलवर उभ्या गाडीचं मीटर फिरत नाही, इंजिन मात्र फिरत असतं. म्हणून पुस्तकात लिहिलेलं अंतर शहरातल्या गाडीला मी पाऊणपट धरतो. हा माझा नियम, कंपनीचा नाही.

युरिया

बीएस-६ च्या बऱ्याच डिझेल गाड्यांना वेगळ्या टाकीत डीईएफ लागतं, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारं द्रव, ज्याला धंद्यात सगळे युरियाच म्हणतात. ३२.५ टक्के शुद्ध युरिया आणि बाकी क्षारमुक्त पाणी. शंभर लिटर डिझेलमागे तीन ते पाच लिटर जातं, म्हणजे खर्च फार नाही. तरी लोक इथेच वाचवायला जातात. शेतातला युरिया बादलीत कालवून ओतणारे मी पाहिलेत. २०१५ पासून आपल्याकडे शेतीच्या युरियाला कडुनिंबाच्या तेलाचा लेप असतो. तो लेप आणि नळाच्या पाण्यातले क्षार दोन्ही कॅटॅलिस्टला, म्हणजे सायलेन्सरमध्ये धूर साफ करणाऱ्या भागाला, मारतात. सीलबंद डबा घ्या, त्यावर आयएसओ २२२४१ आहे का पाहा आणि भरल्याची तारीखही बघा. तीस अंशांखाली तो वर्षभर टिकतो, पस्तीस अंशांत सहाच महिने. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या शेडमध्ये दहा डबे साठवून ठेवायचे नसतात. टाकीच्या झाकणाभोवती पांढरे खडे जमले तर घाबरू नका, ओल्या फडक्याने पुसा. पण झाकणं ओळखा. युरियाचं निळं असतं. नवख्या पोराने युरिया डिझेलच्या टाकीत ओतला तर गाडी सुरूही करू नका, चावी काढा आणि टोइंगवाल्याला बोलवा.

कूलंट

मुंबईत बर्फ पडत नाही, मग रेडिएटरमध्ये कूलंट कशाला, हा प्रश्न मला दर पावसाळ्यात कोणीतरी विचारतं. गोठू नये हे कूलंटचं एक काम झालं. दुसरं म्हणजे उकळबिंदू वाढवणं, तिसरं गंज आणि लायनरचं (इंजिनच्या सिलिंडरच्या आतल्या नळीचं) खोदलं जाणं थांबवणं. आपल्याला ही दोनच हवीत. बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये टाकू नका, आत चुना धरतो. हिरवं आणि गुलाबी मिसळू नका, आणि रंग सारखा म्हणजे कूलंट एकच असंही समजू नका. रंग कंपनीच्या मर्जीचा असतो.

फिरतं घर बनवण्यासाठी ट्रॅव्हलर व्हॅन घेणारेही हल्ली आमच्या मिस्त्रीकडे दिसतात. त्यांना मी डोळे मिटून डिझेल सांगतो. पाण्याची टाकी, बॅटऱ्या आणि सांडपाण्याची टाकी हे सगळं खालीच लागतं, सिलिंडरला जागा कुठून आणणार? शिवाय कोकणात आतल्या रस्त्याला शिरलात की सीएनजी शोधत फिरायला नको. फक्त अशी गाडी महिनोन्‌महिने उभी असते. पावसाळ्यात अर्धी रिकामी डिझेलची टाकी आतून घामेजते. उभी करताना टाकी भरून ठेवा आणि काढताना फिल्टरखालचा पाण्याचा बोल्ट सैल करून पाणी सोडा.

उरलं ब्रेक ऑइल. हवेचे ब्रेक असतील तर रोज सकाळी एअर टाकीचं पाणी सोडा, विषय संपला. ऑइलचे असतील तर डॉट ३ आणि डॉट ४ या ग्रेडमधला फरक समजून घ्या. नवं डॉट ३ किमान २०५ अंशांपर्यंत उकळत नाही, डॉट ४ किमान २३०. हवेतलं पाणी प्यायल्यावर हेच आकडे १४० आणि १५५ वर येतात, आणि मुंबईच्या हवेत पाण्याला तोटा नाही. भरली गाडी खंडाळा उतरताना पेडल एकदम मऊ पडलं तर बहुतेक वेळा हेच कारण असतं. कंपनीने सांगितलेलंच घ्या, दोन वर्षांनी पूर्ण बदला, आणि लहान बाटली घ्या. उरलेली अर्धी बाटली केबिनच्या खणात ठेवली की पुढच्या वेळी कोणीतरी हमखास तीच ओततं.